जांभ्यावरचं अर्थिंग, माडावरची तार

हौशी रेडिओचं लायसन्स माझ्याकडे जुनं आहे, पण १६० मीटरचा बँड कायम ऐकण्यापुरताच राहिला. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दुसरं काही शक्यच नव्हतं. या बँडवर लहरीची लांबीच १६५ मीटरच्या आसपास. पाव लहरीची तार सरळ उभी करायची तर ४० मीटर उंची लागते, म्हणजे तेरा-चौदा मजले. आडवा डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली अर्ध्या लहरीची तार, टाकायचा तर ७९ मीटर लागते, आणि ती दहा-बारा मीटरवर टांगली तर सगळी शक्ती आकाशाकडे जाते; दोन-चारशे किलोमीटरवरच्या गप्पांना ते चालतं, समुद्रापारच्या स्टेशनांना चालत नाही. २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघं राजापूर तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचे राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात मी टेप घेऊन आगरात उतरले. काम मेच्या पहिल्या गडगडाटाच्या जेमतेम आधी संपलं. मराठीत या विषयावर वाचायला फारसं मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी जागा कशी आहे ते सांगते, कारण पुढची सगळी डोकेदुखी त्यातूनच आली. घर चढावर, थेट जांभ्याच्या कातळावर बांधलेलं. घराच्या वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. खाली आगर, त्यात विहीर, सुपारी आणि पंधरा-सोळा मीटरचे माड. घरापासून विहीर उतारावर साधारण ३० मीटर. आगरातली माती वर्षभर ओलसर असते, घराखाली मात्र वीतभर मातीनंतर कातळ लागतो. रेडिओ घरात आणि चांगली जमीन खाली, अशी सगळी रचना.

कागदपत्रांपासून सुरुवात केली. आपलं लायसन्स पत्त्याला बांधलेलं असतं. बिऱ्हाड कायमचं हलवलं की नव्या पत्त्याची नोंद करून घ्यावी लागते. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. पत्त्याचा पुरावा हीच खरी अडचण. गावच्या घराचं वीजबिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर, आणि आधारवर ठाण्याचा पत्ता. शेवटी ग्रामपंचायतीतून रहिवासी दाखला काढला, घरपट्टीची पावती जोडली, आधी आधारचा पत्ता बदलला आणि मगच अर्ज भरला. हाच क्रम ठेवा. आधार बदलून यायच्या आत अर्ज भरलात तर दोन कागदांवर दोन पत्ते दिसतात आणि खुलासा करत बसावं लागतं. स्कॅन केलेल्या प्रत्येक पानावर नाव लायसन्सवर आहे त्याच स्पेलिंगने आलं आहे ना, तेही बघा. लग्नाआधीच्या नावाने लायसन्स काढलेल्या बायकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मधले काही आठवडे नुसतं ऐकण्यात घालवले. तेही वाया गेले नाहीत. कोणत्या वेळी कुठून काय येतं आणि कोणाच्या घरचा एलईडी बल्ब किती खरखरतो, याची वही तयार झाली.

दुसरी परवानगी घरातली. आगराच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तार ज्या दुसऱ्या माडाला बांधायची तो चुलतदिरांच्या वाट्यात. ते म्हणाले, "वहिनी, वीज ओढून घेणार नाही ना ती?" प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर द्यायला मला एप्रिल उजाडला, त्याबद्दल पुढे येईलच. तोवर वादळात वापर नाही आणि पावसाळ्यात तार खाली, एवढ्या बोलीवर त्यांनी होकार दिला.

अँटेना म्हणून उलटा एल निवडला. तार पंधरा मीटर सरळ वर जाते आणि तिथून पंचवीस मीटर आडवी, दुसऱ्या माडाकडे. एकूण लांबी पाव लहरीची. सामान जवळपासच मिळालं. तार घरगुती वायरिंगची, दीड चौरस मिलिमीटरची. तिचं बंडल ९० मीटरचं येतं, त्यात अँटेना होऊन उरते. दोन्ही टोकांना विजेच्या खांबाच्या ताणाला लावतात ते अंड्याच्या आकाराचे चिनीमातीचे इन्सुलेटर, इलेक्ट्रिक ठेकेदाराकडून. दोर मात्र हार्डवेअरच्या दुकानातला घेऊ नका. उन्हाने तो वर्षभरात पीठ होतो. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळ मच्छीमारांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथला दोर ऊन आणि खारं वारं खाण्यासाठीच बनवलेला असतो. कप्पीही तिथलीच घेतली.

माडावर चढायला नारळ काढणाऱ्यालाच बोलावलं. कप्पी शेंड्याच्या दोन हात खाली, खोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्यावर बांधून घेतली. दोर नुसता आवळला तर खोड कापलं जातं. त्याने वरून विचारलं, "वैनी, हिच्यावर टीव्ही किती दिसतील?" एकही नाही म्हटल्यावर त्याने मजुरीचे पाचशे रुपये जरा संकोचूनच घेतले. वाऱ्यात माड चांगला दोन-तीन फूट झुलतो, त्यामुळे तारेचं दुसरं टोक पक्कं बांधायचं नाही. दोर कप्पीवरून खाली आणून त्याला वाळूने भरलेला पाच लिटरचा कॅन टांगला. माड झुलला की कॅन वरखाली होतो, तारेवरचा ताण तोच राहतो. महावितरणची लाइन आगराच्या पलीकडच्या कडेने जाते. तार तुटून कुठल्याही बाजूला पडली तरी लाइनपर्यंत पोचणार नाही, हे मी आधी दोरीने मोजून घेतलं होतं. ही एक गोष्ट अंदाजावर सोडू नका.

आता अर्थिंग. या शब्दाखाली आपण तीन वेगळी कामं एकत्र करतो, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. एक म्हणजे घरच्या विजेचं सुरक्षा-अर्थिंग, जे ५० हर्ट्झवर काम करतं. दुसरं विजेच्या कडकडाटासाठी. तिसरं रेडिओ लहरींसाठी: उभ्या तारेचा उरलेला अर्धा भाग जमीन असते, आणि तारेत जेवढा प्रवाह वर जातो तेवढाच जमिनीतून परत यावा लागतो. तो वाटेत मातीतच जिरला तर तुमचे वॉट गांडुळांना ऊब देण्यात जातात.

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीमुळे अर्थ टेस्टरची, म्हणजे जमिनीचा रोध मोजायच्या यंत्राची, सवय होती. तेव्हा पायरीपायरीने मोजत जायचं ठरवलं. अँटेनाच्या बुडाशी, ओल्या मातीत, तांब्याचा मुलामा दिलेले तीन रॉड ठोकले आणि एकमेकांना जोडले. टेस्टरवर ९ ओहम. कोणताही वायरमन खूश होईल असा आकडा. मग नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचं छोटं यंत्र, लावला. तार थोडी लांब ठेवली होती, ती १.७६ मेगाहर्ट्झला जुळत होती. मीटरभराहून थोडी जास्त कापल्यावर १.८१५ वर आली. तिथे रोध दिसला ५२ ओहम आणि एसडब्ल्यूआर जवळजवळ १. (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचं हे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी, आणि ती ५० ओहमला होते.) पुस्तकात चित्र काढावं इतकं सुंदर.

आणि तेच चुकीचं होतं. पंधरा मीटर उभ्या भागाच्या अशा अँटेनाचा विकिरण रोध, म्हणजे रोधातला जो वाटा खरोखर लहरी बाहेर टाकतो तो, साधारण १०-११ ओहम येतो. मग बाकीचे ४१ ओहम कुठले? मातीतल्या तोट्याचे. म्हणजे शंभर वॉट घातले तर वीसच्या आसपास बाहेर पडणार, बाकी आगरात मुरणार. तीन रॉड ९ ओहम दाखवतात ते टेस्टरच्या कमी वारंवारतेला. १.८ मेगाहर्ट्झला प्रवाह जमिनीच्या वरच्या काही मीटरच्या थरातून, अँटेनाच्या भोवती चहूबाजूंनी परत येतो. त्याला उभा रॉड पकडता येत नाही. त्याला जमिनीवर पसरलेल्या तारा लागतात, म्हणजे रेडियल.

रेडियल किती टाकायचे, यावर हौशी मंडळींत वाद रंगतात. १९३७ साली अमेरिकेत ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन या तिघांनी शेतात तारा पुरून मोजमापं केली, त्यातून मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्रांसाठी पाव लहरीच्या १२० तारांचा दंडक आला. माझ्या आगरात ४० मीटर एकाही दिशेला सरळ मिळत नाही. कुठे गडगा, कुठे विहीर. सुदैवाने जमिनीवर टेकलेल्या रेडियलची लांबी काटेकोर लागत नाही. थोड्या लांब तारांपेक्षा भरपूर आखूड तारा बऱ्या. मी एक चौरस मिलिमीटरची वायर घेतली, आठ ते वीस मीटरचे तुकडे केले आणि मिळेल त्या दिशेला सोडले. बुडाशी तांब्याची पट्टी, तिला भोकं पाडून पितळी नटबोल्ट, प्रत्येक तारेच्या टोकाला झाळलेला लग, म्हणजे बोल्टमध्ये अडकवायचं कडं. लोखंडी नटबोल्ट इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून चिकटतात. तारा पुरल्या नाहीत. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेचे इंग्रजी यू आकाराचे खिळे वाकवून वीत-दीड वीत अंतरावर टोचले. पातेरा पडत गेला तशा तारा आपोआप खाली गेल्या. आता दिसतही नाहीत. शिंपण्याचे पाट मोडायचे असतील तेव्हा मात्र गड्याला आधी दाखवावं लागतं.

आठ रेडियल झाल्यावर रोध ५२ वरून ३४ वर आला. सोळाला २७. बत्तीस झाल्यावर २२, आणि पुढचे चार टाकले तर काटा हलेना, तिथे थांबले. एसडब्ल्यूआर मात्र या सगळ्या काळात बिघडत गेला: १ वरून २.३ पर्यंत. रेडिओच्या मीटरकडे बघणाऱ्याला वाटेल बाईंनी चांगला अँटेना मोडला. खरं तर आता निम्मी शक्ती बाहेर पडत होती, आधीच्या दुपटीहून जास्त. बुडाशी २.२५ ला १ असा छोटा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे युनुन, फेराइटच्या कड्यावर गुंडाळून बसवला आणि २२ चे ५० झाले. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: उभ्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर काहीही न करता १ दिसला तर टाळी वाजवू नका, रेडियल मोजा.

जानेवारीच्या अखेरीस १६० मीटरची मोर्समधली जागतिक स्पर्धा असते, तोवर नोंदीचं काम आणि अँटेना दोन्ही मार्गी लागलं होतं. एक गोष्ट नव्यांनी लक्षात ठेवायची. आपल्याकडे या बँडचा १.८०० ते १.८२५ मेगाहर्ट्झ एवढाच तुकडा हौशींना दिलेला आहे. जग एफटी-८, म्हणजे संगणकावरून छोटे संदेश पाठवायची पद्धत, ज्या १.८४० वर करतं ती वारंवारता आपल्या हद्दीबाहेर. संगणकातला प्रोग्रॅम मात्र ठरलेल्या खुणेवर मुकाट्याने १.८४० लावून देतो, म्हणून तिथे प्रक्षेपणाचं बटण दाबायच्या आधी आकडा वाचा. मी मोर्समध्येच रमते, त्यामुळे मला त्याची उणीव नाही. संध्याकाळी दिवे लागले की पूर्वेकडून जपान यायचा आणि पहाटे, आपल्याकडे उजाडायच्या अर्धा तास आधीपासून, युरोप. तिकडे तेव्हा मध्यरात्र असते. सूर्य सड्यावर आला की दहा-पंधरा मिनिटांत सगळं विझतं, कारण वातावरणातला डी थर तयार होऊन या लहरी गिळून टाकतो. इटलीच्या एका स्टेशनाने पहिल्या हाकेला उत्तर दिलं तेव्हा चहा उतू गेला, एवढंच सांगते.

पण ते मला जेवढं ऐकत होते तेवढं मी त्यांना ऐकत नव्हते. उभा अँटेना गोंगाटही तितक्याच प्रेमाने गोळा करतो. वाडीतले एलईडी, एका घराचा इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर. काही गोष्टी घरातच सुधारल्या: फेराइटच्या कड्यांवर कोॲक्सचे (रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलचे) वेढे, मोबाइलचे स्वस्त चार्जर हद्दपार. बाकीच्यासाठी ऐकायचा अँटेना वेगळा केला. हॅरोल्ड बेव्हरेज यांनी १९२१ साली पेटंट घेतलेली लांब तार, जिला बेव्हरेजच म्हणतात. गंमत म्हणजे ती वाईट जमिनीवरच चांगली चालते. ज्या कातळाने घरी रडवलं तोच सड्यावर उपयोगी पडला. १६० मीटर तार, पुरुषभर उंचीवर, वायव्येकडे. कातळात खड्डा खणणं अशक्य, म्हणून चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या दगडांच्या राशींत उभ्या केल्या. लांबच्या टोकाला ४७० ओहमचा कार्बन रोधक आणि त्याखाली कातळावर पसरलेल्या चार तारा. दिशा लावायला होकायंत्र वापरलं नाही. आमच्याच तालुक्यात देवाचे गोठणेच्या सड्यावर चुंबकसूची भरकटते हे प्रसिद्ध आहे, तेव्हा फोनवरच्या नकाशावरूनच रेघ मारली. तार टाकण्याआधी कातळावर जुन्या काळचं खोदचित्र नाही ना, हे गवत बाजूला करून बघून घेतलं. फेब्रुवारीत लावली, गुरं चरायला सड्यावर मोकळी सुटायच्या आत गुंडाळली. जी स्टेशनं खरखरीत नुसती जाणवायची त्यांचं पूर्ण नाव आता उतरवता येऊ लागलं.

एप्रिलमध्ये दिरांच्या प्रश्नाकडे वळले. अर्थिंग कडक उन्हाळ्यातच मोजावं; पावसाळ्यातला आकडा खोटं सुख देतो. टेस्टरचे दोन खुंट लांब ठोकून, मधला एकूण अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठेवून घराचं जुनं अर्थिंग मोजलं. १४० ओहम. मीठ-कोळशाचा खड्डा कधीतरी केलेला, आता आत कोरडी राख. सगळ्यांनी एकच उपाय सुचवला: विहिरीजवळ ९ ओहमची जमीन आहे, तिथून तार ओढून घरी आणा. घरच्या विजेसाठी ते ठीक. पण सरळ तारेला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री प्रेरकत्व असतं. ३० मीटरला ३० मायक्रोहेन्री. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ओहमचा शंभरावा भाग, नगण्य. १.८ मेगाहर्ट्झला तोच ३४० ओहम. आणि कडकडाटाचा प्रवाह मायक्रोसेकंदांत चढतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ती विहीर फार फार लांब आहे. जे काही करायचं ते घराच्या भिंतीला लागूनच करायला हवं होतं.

घराभोवती दीड-दोन फूट चर मारला. जांभा आत मऊ असतो, पण हवेवर आलेला वरचा थर टिकावाला दाद देत नाही, म्हणून ब्रेकर भाड्याने आणावा लागला. दोन दिवस धूळ आणि शेजाऱ्यांची नाराजी. चरात २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी, भोवती कालवलेलं बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती), वर माती. तीच पट्टी पुढे कोॲक्सच्या सोबतीने चरातून अँटेनाच्या बुडापर्यंत नेली आणि तिथल्या रॉडना आणि रेडियलच्या पट्टीला जोडली. तांबं आणि जस्त थेट भिडवलं तर ओलाव्यात जस्त खाल्लं जातं, म्हणून जोड जमिनीच्या वर, मध्ये कथील लावलेला लग ठेवून केला. कोॲक्स पीव्हीसी पाइपमधून. ते केवळ साळिंदराने कुरतडू नये म्हणून. घरात शिरताना खिडकीशी ॲल्युमिनियमची एक प्लेट. सगळ्या केबल त्या एकाच जागेतून, प्रत्येकीला गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा लोट जमिनीकडे वळवणारा), आणि प्लेट त्याच पट्टीला. घरच्या मीटरचं अर्थिंगही तिथेच जोडलं. रेडिओचं अर्थ वेगळं आणि घराचं वेगळं ठेवणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार: जवळपास वीज पडली की दोघांत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या रेडिओतून स्वतःला मिटवतो.

खालचे रॉड जोडायच्या आधी नुसत्या घराभोवतीच्या पट्टीचं मोजलं होतं, ३८ ओहम. शहरी मापाने फारसं नाही, कातळावर बरंच. घरच्या बोर्डात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवला, जो खरं तर पहिल्या दिवशी बसवायला हवा. तो असला की १४० ओहमच्या अर्थिंगवरही उघड्या भागावर चार-पाच व्होल्ट चढले की लाइन तुटते.

मग दिरांना उत्तर दिलं. तार वीज बोलावत नाही. माड तिच्याहून उंच आहे आणि वीज पडायचीच असेल तर ती माडावर पडते, तारेशिवायही. पण पडलीच तर तारेला जमिनीत जायची वाट बुडाशीच आहे, घरातून नाही. थेट वीज पडली तर कुठलाही अरेस्टर पुरा पडत नाही हेही त्यांना सांगितलं. म्हणून खरी भिस्त हातावर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजांची सूचना देणारं दामिनी ॲप फोनमध्ये आहे; त्यात आसपास विजा दिसल्या, किंवा सड्यामागून ढग काळवंडले, की कोॲक्स प्लेटच्या बाहेरच्या बाजूने काढायचा आणि अँटेनाचं खालचं टोक युनुनवरून सोडवून रेडियलच्या पट्टीला आवळायचं. गडगडाट ऐकू आल्यावर मात्र आगरात उतरायचं नाही, जे राहिलं ते राहिलं. दिरांनी ते स्वतः दोनदा करून बघितलं आणि आता मी गावाला नसले की तेच करतात.

खर्च लिहून ठेवला आहे. रेडियलच्या वायरची बंडलं सुमारे ७,००० रुपये, अँटेनाची तार, दोर, कप्पी, इन्सुलेटर मिळून ४,५००. कोॲक्स सगळ्यात महाग, ६,५००. जीआय पट्टी वजनावर मिळते, ती आणि बेंटोनाइट ५,०००. ब्रेकर आणि मजुरी ६,०००. अरेस्टर, फेराइट कडी, प्लेट, पितळी सामान ५,५००. नॅनोव्हीएनए जवळ होता, अर्थ टेस्टर ओळखीच्या ठेकेदाराने दोन दिवस वापरायला दिला. विकत घेऊ नका, वर्षातून एकदा लागतो. पैसे कमी असतील तर कोॲक्स आणि रेडिओत काटकसर करा, रेडियलमध्ये नको.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तार उतरवली. तौक्तेच्या वेळी याच आगरातले दोन माड आडवे झाले होते, त्यामुळे पावसाळ्यात ती वर ठेवायची माझी छाती नाही, आणि त्या दिवसांत बँडवर विजांच्या खरखरीशिवाय काही ऐकूही येत नाही. कप्पीत दोर ओवलेलाच ठेवला आहे, म्हणजे ऑक्टोबरात पुन्हा माडावर चढवायला नको. रेडियल जागेवर आहेत. पाऊस थांबला की आधी नटबोल्ट घासून, ग्रीस लावून २२ ओहम अजून २२ च आहेत का ते बघेन. वाढले असतील तर एखादा लग सुटलेला असणार.